नस्तर

शल्यविशारदाच्या हातातील ज्या बारीक पात्याला आपल्याकडे नस्तर म्हणतात, त्याला पोलिश भाषेत ‘स्काल्पेल’ असे नाव आहे. व्रोत्सवाफ शहरातील मार्चिन चिखी आणि इगोर पुद्वो या दोघा तबकडीप्रेमी तरुणांनी गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या जोडीसाठी हेच नाव पत्करले, आणि आपल्या साऱ्या कारकिर्दीची सनद एका शब्दात लिहून ठेवली. वाद्यवृंद त्यांच्यापाशी नव्हता. होत्या त्या मागच्या पिढीच्या ध्वनिमुद्रिका, आणि त्यांतील ध्वनीचा एखादा क्षण उचलून साठवून ठेवणारे सॅम्पलर नावाचे यंत्र.

या शहराचा इतिहासही कापण्याजोडण्याचाच आहे. कोल्हापूरनजीक वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांनी संसार थाटले होते, हे अनेक मराठी वाचकांस ठाऊक असेल. महायुद्ध संपले तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांची पूर्वेकडील गावे पोलंडच्या नकाशावर उरली नव्हती, आणि त्याच पूर्वभागातून विस्थापित झालेले असंख्य लोक जर्मनांनी सोडलेल्या ब्रेस्लाउ शहरात येऊन राहिले. त्याच शहराचे पोलिश नाव व्रोत्सवाफ. ज्या नगरात जवळजवळ प्रत्येक कुटुंब दुसरीकडून येऊन रुजले, तेथे इतरत्र उमटलेल्या स्वरांना नवे घर मिळावे, यात नवल ते काय!

परंतु हे स्वर कोणाचे होते, ते पाहिल्याखेरीज या जोडीचे मोल कळणार नाही. स्टालिनच्या अमलात जॅझ हे अमेरिकी भांडवलशाहीचे अपत्य ठरून सरकारची त्यावर खप्पामर्जी झाली, आणि वादक ते खाजगी घरांतून दबक्या आवाजात वाजवू लागले. त्या दिवसांना तिकडचे रसिक भुयारातला काळ म्हणतात. पुढे बंधने सैलावली, १९५६ साली सोपोत येथे उत्सव झाला आणि १९५८ पासून वॉर्सात ‘जॅझ जांबोरी’ भरू लागली. याच पिढीतला क्शिश्टॉफ त्शचिन्स्की हा व्यवसायाने कान-नाक-घशाचा डॉक्टर. आपण जॅझ वाजवितो हे इस्पितळातील सहकाऱ्यांना कळू नये म्हणून त्याने ‘कोमेडा’ हे टोपणनाव घेतले, आणि डॉक्टर विस्मृतीत जाऊन कोमेडाच अजरामर झाला. रोमान पोलान्स्कीच्या १९६२ च्या ‘पाण्यातला सुरा’ या चित्रपटाचे संगीत त्याचेच. वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, १९६९ साली, तो वारला. दैवाची मौज अशी, की ज्या राजवटीने या संगीताकडे वक्र दृष्टीने पाहिले, तिच्याच सरकारी कंपनीने पुढे ‘पोलिश जॅझ’ ही ध्वनिमुद्रिकांची मालिका सुरू केली, आणि १९६५ ते १९८९ या काळात तिचे ७६ खंड प्रसिद्ध केले.

या खंडांत लोकसंगीताचे पाणीही मुरलेले आहे. शोपँने ग्रामीण मजुर्का नृत्याला पियानोवर बसविले, तो संस्कार पोलिश संगीतकारांच्या रक्तात आहे. झ्बिग्नेव नामिस्वोव्स्कीसारखा सॅक्सोफोनवादक तात्रा पर्वतातील डोंगरी लोकांच्या स्वरावलींना आणि विषम लयींना जॅझमध्ये आणीत असे, आणि पुढे तर त्या पहाडी वादकांनाच त्याने आपल्या शेजारी बसविले. म्हणजे पहाडातील गाणे जॅझमध्ये उतरले, जॅझ तबकडीत उतरले, आणि तबकडी चिखी-पुद्वो यांच्या यंत्रात.

आता त्या यंत्राची करणी. तबकडीवरील दोन-चार क्षणांचा तुकडा, मग तो तुतारीचा उच्छ्वास असो, झांजेचे थरथरणे असो की बासच्या तारेचा जाड हुंकार, यंत्रात उतरवून घ्यावा लागतो. परंतु तबकडी मंद फिरविली की स्वरही खाली घसरतो, हे ज्यांनी ग्रामोफोनच्या चावीशी खेळ केला आहे त्यांना सांगणे नको. भिन्न वर्षी, भिन्न स्वरात, भिन्न लयीत वाजलेले असे तुकडे एकाच मैफलीत बसले आहेत असे भासविणे म्हणजे एकाचे रक्त दुसऱ्याच्या देहात चालेल की नाही हे कानाने ओळखणे होय. सुईच्या खरखरीलाही या दोघांनी काळाचा दाखला म्हणून राहू दिले.

त्यांनी स्वतः काढलेली, त्या सरकारी मालिकेच्याच नावाची ‘पोलिश जॅझ’ ही मोजक्या प्रतींची तबकडी लंडनच्या निंजा ट्यून या कंपनीच्या कानी गेली. ही कंपनीही १९९० साली मॅट ब्लॅक आणि जोनाथन मोर या अशाच एका तबकडीबाज जोडीने काढलेली. त्यामुळे तिला या कामाची पारख असणे स्वाभाविकच होते. २००४ साली, पोलंड युरोपीय संघात सामील झाला त्याच वर्षी, ‘स्काल्पेल’ हा पहिला संग्रह आला, आणि पोलादी पडद्याआड राहून गेलेले ते जॅझ पश्चिमेकडील तरुणांच्या कानी नव्याने पडले. २००५ साली ‘कॉन्फ्यूजन’ आला. त्यानंतर मात्र दीर्घ विराम. मधल्या काळात पुद्वोने ‘इगोर बॉक्स’ या नावाने २०१० साली ‘ब्रेस्लाउ’ हा संग्रह रचून आपल्या शहराच्या १९४५ च्या वेढ्याला स्वर दिले. २०१४ च्या ‘ट्रान्झिट’ मध्ये जोडीने जुन्या तबकड्यांवरचा भार कमी केला आणि २०२० मध्ये ‘हायलाइट’ दिला.

दुसऱ्याच्या शेतातील कणसे खुडून आपली रास मांडणे हे सर्जन कसे, असा आक्षेप अशा कलेवर नेहमी येतो, आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. मूळ वादकाचे नाव आणि त्याचा हक्क यांचा प्रश्न या साऱ्या व्यवसायाला आजही भेडसावतो. तथापि सरकारी दफ्तरात नीट लावून ठेवलेली तबकडी सुरक्षित असते, पण ती वाजत नाही. या दोघांनी तिच्यावर नस्तर चालविले म्हणून ती वाजती राहिली. कापणारा हात प्रेमाचा होता की लोभाचा, हे कापलेल्या जागेवरून कळते, आणि येथे जखमेपेक्षा टाका अधिक सुबक आहे.

पुढे त्यांच्या रचना ‘बिग बँड’ या भल्यामोठ्या जॅझ वाद्यवृंदासाठी नव्याने बांधण्यात आल्या. जुन्या वादकांच्या उच्छ्वासांतून यंत्राने जुळविलेले ते संगीत आता जिवंत माणसे, समोर स्वरलिपी ठेवून, तुताऱ्यांत स्वतःचा श्वास फुंकून वाजवितात.