इमर्जन्सीतले साडेतीन तास

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील सांगलीहून आमच्याकडे रेडमंडला आले होते. एका रात्री अडीच वाजता त्यांच्या छातीत भरून आले. "पित्त असेल, जरा सोडा दे," म्हणत त्यांनी तासभर काढला. खरी भीती बिलाची! डॉलरचे रुपये केल्याशिवाय आपली मंडळी आजारीसुद्धा पडत नाहीत. शेवटी मी ९११ फिरवला.

इस्पितळात ईसीजी आणि रक्ततपासणी लगेच झाली. मग मात्र नुसते बसणे. आमच्यानंतर आलेली दोन माणसे आधी आत गेली. बाबा चिडले, "इथेही वशिला लागतो वाटते!" वशिला नव्हे. इथे नंबर येण्याच्या क्रमाने लागत नाही. नर्स आल्याआल्या रुग्णाला १ ते ५ मध्ये श्रेणी देते. १ म्हणजे सर्वांत गंभीर.

दोन तासांनी एका नर्सने सांगितले, की आमचे थांबणे हीच तपासणी होती. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते. पण ते वाढायला वेळ लागतो, म्हणून काही तासांनी रक्त पुन्हा घेतात. हे ऐकल्यावर बाबा शांत झाले आणि चक्क डुलकी काढली! हेच आधी कोणी सांगितले असते तर? अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसले होते: रुग्णाचे समाधान घड्याळातल्या मिनिटांपेक्षा त्याला दिलेल्या माहितीवर आणि वागणुकीवर अधिक ठरते. तेव्हा आपणच विचारावे, "आता कशाची वाट पाहतो आहोत?"

साडेतीन तासांनी निदान झाले: पित्तच! "बघ, मी म्हणालो नव्हतो?" इति बाबा.

पण मग गेलो ते चुकले का? नाही. पाय मुरगळला, घसा दुखला तर अर्जंट केअर पुरते. छातीतले दुखणे पित्ताचे की हृदयाचे, हे घरी बसून कळत नाही. कायदाही हे मानतो. १९८६ च्या कायद्यानुसार पैसे असोत-नसोत, इमर्जन्सीत तपासणी करावीच लागते. बिल मात्र येतेच. नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्याने इमर्जन्सी ठरवायची ती लक्षणांवरून, शेवटच्या निदानावरून नव्हे. आईवडिलांसाठी घेतलेल्या प्रवासविम्याचे नियम मात्र वेगळे असतात. जुन्या दुखण्याबद्दलचे कलम ते विमानात बसण्यापूर्वीच वाचा. मी ते वाचले पहाटे सहाला, पार्किंगमध्ये.