संगणकाचे बिऱ्हाड हलते तेव्हा

घर लहान पडू लागले की माणसे मोठ्या घरात बिऱ्हाड हलवतात. भांडीकुंडी, कपाटे, पुस्तके टेम्पोत भरायची आणि नव्या जागी उतरवायची, की काम झाले. संगणकाचे मात्र एवढ्याने भागत नाही. जुन्या हार्ड डिस्कवरील एकूण एक फाइल मोठ्या डिस्कवर नेऊन ठेवली, तरी केवळ तेवढ्याने संगणक सुरू होत नाही. हे असे का बरे व्हावे?

समजा, एका महाविद्यालयात लिनक्सवर चालणारा जुन्या बांधणीचा सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे अनेक संगणकांना माहिती पुरविणारा संगणक. त्याची डिस्क २५० गिगाबाइटची असून ऑपरेटिंग सिस्टिमचे पार्टिशन, म्हणजे तिच्यासाठी राखलेला विभाग, काठोकाठ भरला आहे. विद्यार्थ्यांचे गुण आणि ग्रंथालयाच्या नोंदीही त्यातच आहेत. आता १ टेराबाइटची नवी डिस्क आणली आहे आणि एकही नोंद न गमावता सर्व्हर तिच्यावर न्यायचा आहे.

विजेचे बटण दाबताच प्रथम जागी होते ती मदरबोर्डवरील एका चिपमधली छोटीशी आज्ञावली. आपल्या या सर्व्हरमधील आज्ञावलीला फाइल म्हणजे काय हे ठाऊकच नसते! डिस्कवरचा अगदी पहिला सेक्टर वाचायचा आणि त्यात असेल तसे वागायचे, एवढेच तिला येते. सेक्टर म्हणजे ५१२ बाइटचा कप्पा. पहिल्या सेक्टरातील ४४६ बाइट आज्ञांसाठी असतात, पुढच्या ६४ बाइटमध्ये चार विभागांचा तक्ता असतो आणि उरलेल्या २ बाइटमध्ये एक ठरावीक खूण असते. ही मांडणी १९८३ सालची. त्या वर्षी आलेल्या आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकाची हार्ड डिस्क अवघी १० मेगाबाइटची होती!

आता ४४६ बाइटमध्ये असे कितीसे मावणार? म्हणून तेथे मुख्यतः एक निरोप असतो : पुढच्या आज्ञा अमुक क्रमांकाच्या सेक्टरात आहेत, त्या वाच. येथे क्रमांक दिलेला असतो, फाइलचे नाव नव्हे, हे ध्यानात घ्या. पहिला सेक्टर कोणत्याच फाइलचा भाग नसतो. त्यामुळे फाइली उचलून नेल्या तरी तो जुन्या डिस्कवरच राहतो. सामान नव्या घरी पोचले, पण दाराची किल्ली जुन्या घरीच राहिली, असा हा प्रकार होय.

यावर सरळ उपाय म्हणजे फाइलींकडे न पाहता पहिल्या सेक्टरापासून शेवटच्या सेक्टरापर्यंत जशीच्या तशी नक्कल करणे. युनिक्स आणि लिनक्सवर ‘डीडी’ नावाची आज्ञा हे काम करते. सेकंदाला १५० मेगाबाइट हा वेग धरला, तर २५० गिगाबाइटची नक्कल अर्ध्या तासाच्या आत होते. पण ही आज्ञा फार आज्ञाधारक आहे! ‘कोठून’ आणि ‘कोठे’ यांची अदलाबदल झाली, तर ती कोऱ्या डिस्कवरील शून्ये जुन्या डिस्कवर मुकाट्याने लिहीत जाईल आणि साऱ्या नोंदी पुसल्या जातील. म्हणून जाणकार मंडळी आधी नोंदींची वेगळी प्रत काढतात, दोन्ही डिस्कांचे आकार व अनुक्रमांक ताडून पाहतात आणि मगच बोट कळीवर ठेवतात.

नक्कल चालू असताना सर्व्हर चालू ठेवावा काय? मुळीच नाही. पतपेढीच्या खातेवहीचा विचार करा. तुम्ही दहाव्या पानाची नक्कल केलीत. त्यानंतर कारकुनाने दहाव्या पानावरील खात्यातून शंभर रुपये वजा करून दोनशेव्या पानावरील खात्यात जमा केले. मग तुम्ही दोनशेवे पान उतरवलेत. तुमच्या प्रतीत ते शंभर रुपये दोन्हीकडे दिसतील! म्हणून सर्व्हर बंद करून तो पेन ड्राइव्हवरील वेगळ्या लिनक्सने सुरू करतात आणि निश्चल डिस्कची नक्कल घेतात.

नक्कल झाली की जुनी डिस्क काढून ठेवावी. लिनक्सच्या फाइल सिस्टिमला सामान्यतः १२८ बिटचा ओळखक्रमांक असतो आणि लिनक्स बहुधा त्यावरूनच आपला विभाग शोधते. नकलेत हा क्रमांकही तोच येतो. दोन्ही डिस्का जोडलेल्या राहिल्या, तर या जुळ्यांपैकी कोणती उचलायची, असा घोळ होऊ शकतो.

आता सर्व्हर सुरू होईल, पण गंमत पाहा : १ टेराबाइटची डिस्क असूनही विभाग पूर्वीएवढाच! नक्कल म्हटल्यावर जुनी हद्दही जशीच्या तशी आली. ती दोनदा वाढवावी लागते. प्रथम तक्त्यातील विभागाची लांबी वाढवायची. सुरुवात मात्र तसूभरही हलवायची नाही. मागोमाग दुसरा विभाग असेल, तर आधी त्याला बाजूला न्यावे लागते. एवढे करूनही जागा मिळत नाही. नाट्यगृहात नव्या खुर्च्या मांडल्या, पण तिकीटखिडकीवरच्या प्लॅनमध्ये त्या दाखवल्याच नाहीत, तर त्यांची तिकिटे कशी विकली जाणार? फाइल सिस्टिमपाशीही असाच प्लॅन असतो. लिनक्सवरील एक्स्ट-४ या फाइल सिस्टिममध्ये जागेचे सामान्यतः ४,०९६ बाइटचे ठोकळे पाडलेले असतात. अशा ३२,७६८ ठोकळ्यांचा, म्हणजे १२८ मेगाबाइटचा, एक गट. गटातील प्रत्येक ठोकळ्यासाठी एक बिट : रिकामा असेल तर ०, भरलेला असेल तर १. एका बाइटात ८ बिट, म्हणजे गटाचा हा प्लॅन नेमका एका ठोकळ्यात मावतो. हिशेब करून पाहा. फाइल सिस्टिम वाढवायची म्हणजे नव्या जागेसाठी असे गट आखून त्यांचे प्लॅन तयार करायचे.

नवी डिस्क ४ टेराबाइटची असती तर? जुन्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर. त्यांना ५१२ ने गुणले की २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइट. त्यापलीकडची जागा या तक्त्याला लिहिताच येत नाही. तेथे जीपीटी हा नवा तक्ता लागतो. त्यात हे क्रमांक ६४ बिटांचे असतात. या तक्त्याची एक राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. अशा डिस्कची मोठ्या डिस्कवर नक्कल केली की ती प्रत मध्येच कोठेतरी पडते. विभाग वाढवण्याआधी तिला उचलून नव्या शेवटाशी न्यावे लागते.