पाणी भरपूर, मीठ बंद... आणि आजी भ्रमिष्ट!

एप्रिलमधली गोष्ट. सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना नातेवाइकांनी वॉर्डात आणले. दोन दिवसांपासून त्या असंबद्ध बोलत होत्या, चालताना तोल जात होता. घरच्यांना अर्धांगवायूची शंका होती. रक्त तपासले, तर सोडियम ११६! ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावे लागते.

विचारपूस केल्यावर उलगडा झाला. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होती, कुणाच्या तरी सल्ल्याने मीठ पूर्ण बंद केले होते आणि उन्हाळा म्हणून घरचे आग्रहाने रोज चार लिटर पाणी पाजत होते. सगळे भल्यासाठीच, पण तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि घात झाला.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सारा परत घेतात. रक्तात मिठाच्या मानाने पाणी कमी पडले, की तहान लागते आणि मेंदूतून एडीएच हे संप्रेरक सुटते. मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात, लघवी गडद होते. पाणी जास्त झाले, की एडीएच थांबते आणि जादा पाणी लघवीवाटे निघून जाते. मीठ राखण्याचे काम मुख्यतः अल्डोस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक करते.

उतारवयात ही यंत्रणा मंदावते. तहान कमी लागते, तसे जादा पाणी बाहेर टाकणेही जमत नाही. काही गोळ्यांनी त्यात भर पडते. मग रक्तातले सोडियम उतरते, पाणी पेशींत शिरते आणि मेंदूला सूज येते. मळमळ, डोकेदुखी, गुंगी, बरळणे आणि शेवटी फिट, अशी ही चढती लक्षणे.

आजींचे सोडियम आम्ही हळूहळू चढवले. घाई केली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चौथ्या दिवशी त्यांनी नातवाला नावाने हाक मारली.

म्हणून लक्षात ठेवा : रक्तदाबात मीठ कमी करायचे, म्हणजे दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, शून्य नव्हे. ज्येष्ठांना पाणी थोडे थोडे द्या, मोजून माथी मारू नका. जुलाब झाल्यास ओआरएसचे पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवा. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. आणि घरातले वडीलधारे अचानक बरळू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी सोडियम तपासून घ्या.