ठणका हाडात, अडथळा रक्तवाहिनीत

वाणगाव-डहाणूकडच्या मिरचीच्या आणि चिकूच्या वाड्यांवर राबणारे हात बहुतेक आदिवासींचे: वारली, कातकरी, मल्हार कोळी, धोडी, दुबळा. यांतल्या काही घरांत एखादं मूल अधूनमधून अंथरुणाला खिळतं. मांड्या ठणकतात, कंबर धरते, लहानग्यांची बोटं सुजतात. आठवड्याभरात दुखणं ओसरतं आणि ते पुन्हा उभं राहतं. अंगावर जखम नसते, त्यामुळे कुणी त्याला आळशी ठरवतं, कुणी भगताकडे नेतं. दवाखान्यात गेलं तरी ‘रक्त कमी आहे’ एवढंच ऐकून लोहाच्या गोळ्या घेऊन परतायची वेळ अनेकांवर येते. अशा दुखण्यामागे अनेकदा सिकलसेल हा आनुवंशिक आजार असतो. त्याकडे आपण केवळ रक्तक्षय म्हणून पाहतो, आणि इथेच उपचारांची वाट चुकते. या आजारातली खरी पडझड रक्तवाहिन्यांत होते.

मूळ दोष अगदी बारीक आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये १९५६ साली हा फरक शोधला. ऑक्सिजन सोडल्यावर अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे दोर वळले जातात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकडी, ताठ होते. १२० दिवस जगणारी पेशी १०-२० दिवसांतच फुटते.

वाकड्या पेशी बारीक वाहिनीत अडकतात, एवढीच समजूत बरीच वर्षं होती. १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट हेबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या पेशी वाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात, आणि त्या जितक्या जास्त चिकटतात तितका आजार तीव्र. पुढे २००२ मध्ये आणखी एक दुवा मिळाला. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन अस्तरातला नायट्रिक ऑक्साइड फस्त करतं. हा वायू रक्तवाहिन्यांना सैल ठेवतो. तो संपला की वाहिन्या आकसतात. म्हणजे रस्ता आधीच अरुंद झालेला, त्यात चिकट पेशींची गर्दी. ज्या भागाचा पुरवठा तुटतो तो भाग ठणकतो. खुब्याच्या हाडाचा गोळा मरतो, प्लीहा निकामी होते, मेंदूची धमनी अरुंद झाली तर शाळकरी वयातच पक्षाघाताचा झटका येतो. त्या पोराच्या दुखण्यावर शंका घेणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन तुलनेनं जास्त टिकतं, म्हणून इथला आजार सौम्य, असं पुष्कळ काळ मानलं जाई. विदर्भातल्या रुग्णांच्या अभ्यासानं या समजुतीला तडा दिला. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजाराच्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे रोज अवघे १० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीयुरिया दिलं. दुखण्याचे झटके झपाट्यानं कमी झाल्याचं त्यांनी २०१२ मध्ये मांडलं. मूळचं हे कर्करोगावरचं औषध. ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं, पांढऱ्या पेशी आटोक्यात ठेवतं आणि तांबड्या पेशींचा चिकटपणा घटवतं, म्हणजे थेट वाहिनीतल्या कोंडीवर काम करतं. नवी औषधं गाजावाजात आली, पण त्यांतलं व्हॉक्सेलोटर २०२४ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. जनुकसंपादनाच्या ‘कॅसजेव्ही’ उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. डहाणू तालुक्यातल्या कुटुंबाच्या हाती येण्यासारखी आजची गोष्ट हायड्रॉक्सीयुरियाची जुनी, स्वस्त कॅप्सूलच.

ती मात्र रोज घ्यावी लागते, आणि ठरावीक काळानं रक्तपेशी मोजाव्या लागतात. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानानं ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं. तपासणी हवीच: आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. पण निदानाचं कार्ड हाती देऊन काम संपत नाही. कवटीवरून मेंदूच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजणारी डॉपलर तपासणी धोक्यातली मुलं आधीच ओळखते. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यानं पक्षाघाताच्या पहिल्या झटक्याचा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो, हे १९९८ मध्येच सिद्ध झालं. ही डॉपलर तपासणी आजही मोठ्या शहरांबाहेर क्वचितच होते.

पालघर जिल्ह्यातली कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उन्हातली मेहनत आणि अंगातलं पाणी आटणं ही दुखण्याच्या झटक्याची ठरलेली कारणं. नेमक्या त्याच महिन्यांत रुग्ण आपल्या आरोग्य केंद्रापासून दूर असतो आणि कॅप्सूल संपते. गाव सोडताना दोन-तीन महिन्यांचं औषध सोबत द्यावं, भट्टीजवळच्या केंद्रात रक्त तपासून पुढचा साठा मिळावा, कामावर पिण्याचं पाणी मुबलक असावं. एवढी सोय करायला नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.