पाण्यातल्या बागेचा दिवा



दिवाणखान्यात माशांची काचपेटी ठेवणारी घरे आता पुष्कळ झाली आहेत. त्या पेटीत प्लॅस्टिकची झुडपे न रोवता खऱ्या पाणवनस्पती लावाव्यात, अशी हौसही वाढते आहे. अशी हौस असलेला माणूस दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘सर्वांत प्रखर दिवा कोणता?’ मीही हाच प्रश्न विचारला होता. प्रखर दिवा आणला, रोज बारा तास पेटता ठेवला, आणि तीन आठवड्यांत पाणी हिरवेगार झाले. पुढे एका पहाटे पाहतो तो मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत आहेत. त्यांतले चार दुपारपर्यंत गेले. दिव्यात दोष नव्हता; निवड करणाऱ्यात होता. तो दोष कोणता, हेच आज सांगावयाचे आहे.

पाणवनस्पती आणि प्रकाश यांचे नाते यान इंगेनहाउस या डच वैद्याने 1779 मध्ये दाखवून दिले. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, अंधारात ते थांबतात, असे त्याने पाहिले. हे काम उन्हाच्या उष्णतेचे नसून प्रकाशाचे आहे, हेही त्याने ओळखले. ते बुडबुडे प्राणवायूचे. मात्र श्वसन वनस्पतीही करते, आणि रात्री तर ती प्राणवायू केवळ घेतच असते. माझ्या पेटीत शेवाळ माजले होते. रात्रभर त्याने आणि माशांनी मिळून प्राणवायू संपवला, आणि पहाटे माशांना तो उरला नाही.

मग कोणता प्रकाश वनस्पतीच्या उपयोगी पडतो? जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान याने 1882 मध्ये शेवाळाच्या तंतूवर लोलकातून निघालेला रंगपट पाडला आणि प्राणवायूकडे धावणारे जंतू त्या पाण्यात सोडले. जंतूंनी गर्दी केली ती तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत. हिरवा प्रकाश अगदीच वाया जातो असे नाही, पण हरितद्रव्याची मुख्य भूक तांबड्या-निळ्याची. आपल्या डोळ्याचे मात्र उलट आहे. त्याला सर्वांत तेजस्वी दिसतो तो सुमारे 555 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवट प्रकाश. म्हणून डोळ्याला दिपवणारा दिवा वनस्पतीला तितकाच पोषक असेल, असे समजू नये.

आता मुख्य मुद्दा. प्रकाश हे वनस्पतीचे अन्न नव्हे. तो चुलीतला जाळ आहे. तांदूळ आणि पाणी तेवढेच ठेवून जाळ वाढवला तर भात वाढत नाही, करपतो. वनस्पतीचा तांदूळ म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हवेच्या मानाने पाण्यात हा वायू सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, त्यामुळे पानापर्यंत तो बेताबेतानेच पोचतो. प्रकाश दुप्पट केला आणि कार्बन तेवढाच राहिला, तर वनस्पती थबकते. उरलेला प्रकाश आणि उरलेले खत मग शेवाळाच्या पदरात पडते.

तेव्हा आधी वनस्पती ठरवावी, मग दिवा. जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरीन या सावलीत वाढणाऱ्या वनस्पती. क्रिप्टोकोरीनची एक जात, स्पायरॅलिस, आपल्या सह्याद्रीच्या परिसरातही आढळते. या वनस्पतींना पाण्याच्या लिटरमागे 10 ते 20 ल्यूमेन पुरतात. तांबड्या पानांच्या रोटालासारख्यांना 40 च्या वर लागतात. पण मग नळकांड्यातून कार्बन डायऑक्साइड सोडण्याची आणि नियमित खताची तयारी हवी. ती नसेल तर या वाटेला जाऊ नये. ल्यूमेन हे माप डोळ्याचे आहे हे खरे. तरी साधारण 6,500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्यांची आपसांत तुलना करण्यास ते चालते. हा केल्विनचा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो, जोर नव्हे.

उदाहरण घेऊ. पेटी 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 36 उंच. वाळू-दगड वजा जाता पाणी सुमारे 55 लिटर. लिटरमागे 20 धरले तर 1,100 ल्यूमेन. वॅटला 100 ल्यूमेन देणारा एलईडी असेल तर 11 वॅट पुरे. जुन्या पुस्तकांत पाण्याच्या मापावरून वॅट ठरवण्याची रीत आहे. ती नळीच्या दिव्यांची. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज, दिलेला प्रकाश नव्हे. दिवा पेटीच्या लांबीइतका असावा, म्हणजे कोपरे अंधारात राहत नाहीत. पेटी खोल असेल तर तळाशी प्रकाश कमी पोचतो, हेही ध्यानात ठेवावे. खिडकीतल्या उन्हावर भरवसा ठेवू नये. त्याला बटण नसते.

आरंभी दिवसाला 6 तास पुरेत. शेवाळ न दिसल्यास 8 पर्यंत जावे. हे काम टायमरकडे सोपवावे, कारण आपण विसरतो. शेवाळ दिसू लागले तर पाणी बदलावे, माशांचे खाणे आवरावे आणि तास कमी करावेत. नवा दिवा आणण्यास धावू नये.

माझ्या पेटीवर आता पूर्वीच्या निम्म्या जोराचा दिवा आहे. तो 7 तास पेटतो, पाणी नितळ आहे, आणि मासे पहाटे तळाशी स्वस्थ असतात.