रूफस थॉमस : मेम्फिसचे ‘जगातले सर्वांत वयस्क टीनएजर’

अमेरिकी सोल गायक. जन्म २६ मार्च १९१७, मिसिसिपी राज्यात. सारी हयात मेम्फिसमध्ये. तरुणपणी फिरत्या तंबूंतल्या खेळांत नाच आणि विनोद. पुढे कापड कारखान्यातली नोकरी सांभाळून डब्ल्यूडीआयए रेडिओवर निवेदन.

१९५३ साली गायिका बिग मामा थॉर्नटन यांच्या ‘हाउंड डॉग’ला उत्तर म्हणून त्यांनी ‘बेअर कॅट’ गायलं. सन रेकॉर्ड्स या कंपनीचं हे पहिलं देशभर गाजलेलं गाणं. पण चाल मूळ गाण्याचीच, म्हणून कंपनी कोर्टात हरली. १९६० मध्ये मुलगी कार्लासोबतच्या ‘कॉज आय लव्ह यू’मुळे पुढे ‘स्टॅक्स’ झालेल्या कंपनीचा जम बसला. १९६३ चं ‘वॉकिंग द डॉग’ पॉप यादीत दहाव्या क्रमांकावर पोचलं. रोलिंग स्टोन्सनी ते आपल्या पहिल्याच अल्बममध्ये घेतलं.

पन्नाशीनंतर ‘डू द फंकी चिकन’ आलं. कोंबडीसारखे कोपर फडफडवत नाचायचं, एवढंच. अशी गाणी पोरखेळ म्हणून बाजूला सारली जातात, हे मला अन्यायाचं वाटतं. त्यांतला ठेका अत्यंत काटेकोर आहे, आणि गर्दीची नस ओळखणं तर त्याहून अवघड. १९७२ च्या ‘वॉटस्टॅक्स’ मैफलीत लॉस एंजेलिसच्या मैदानावर उतरलेला जमाव गुलाबी पोशाखातल्या थॉमस यांनी केवळ गोड बोलून, चिडवून पुन्हा जागेवर बसवला. या मैफलीवरच्या माहितीपटात तो प्रसंग जरूर पाहा.

निधन १५ डिसेंबर २००१. इटलीतल्या पोरेत्ता तेर्मे गावात, जिथे दरवर्षी सोल संगीताचा महोत्सव भरतो, एका उद्यानाला त्यांचं नाव आहे.