चावी खिशात, इंजिन चालू

विनिपेगमध्ये जानेवारीतली सकाळ बरेचदा उणे वीस-पंचवीस अंशांवर उजाडते. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर बर्फाचा कडक थर बसलेला असतो, इंजिन ऑइल दाट झालेलं असतं, बॅटरीची ताकद उतरलेली असते. कॅनडाच्या या मैदानी मुलुखात अनेक गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची एक छोटी वायर लोंबताना दिसते, ती इंजिन उबदार ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची. पण हीटर लावला तरी काच मोकळी व्हायला आणि आत हात टेकवण्याजोगी ऊब यायला इंजिन थोडा वेळ चालवावं लागतंच. म्हणून घरातूनच बटण दाबून गाडी चालू करायची सोय, म्हणजे रिमोट स्टार्ट, इथे चैनीत मोडत नाही.

याच शहराला गाडीचोरीनंही छळलं. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत लोकसंख्येच्या मानानं विनिपेगमध्ये इतक्या गाड्या चोरीला जात की देशभर त्याची चर्चा होती. चोर बहुतेक कोवळ्या वयाचे. गाडी पळवायची, वेडीवाकडी हाकायची आणि कुठेतरी टाकून द्यायची, हा प्रकार. शेवटी मॅनिटोबा पब्लिक इन्शुरन्स या सरकारी विमा कंपनीनं सर्वाधिक चोरल्या जाणाऱ्या मॉडेलांना फुकटात इमोबिलायझर बसवून द्यायला सुरुवात केली आणि २००७मध्ये अशा गाड्यांना तो सक्तीचा केला. चोऱ्या झपाट्यानं उतरल्या. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून कॅनडात विक्रीसाठी तयार होणाऱ्या नव्या मोटारींत कारखान्यातूनच इमोबिलायझर असणं बंधनकारक झालं. युरोपनं हे १९९८मध्येच केलं होतं.

आता पेच बघा. इमोबिलायझरचं काम एकच: आपली चावी जवळ नसेल तर इंजिन चालू द्यायचं नाही. रिमोट स्टार्टचं कामही एकच: चावी घरात असताना इंजिन चालू करायचं. या दोन उलट मागण्या एका गाडीत नांदवता येतात. त्यासाठी जो ‘बायपास’ बसवावा लागतो, तो कसा बसवला यावर त्या गाडीचं कुलूप शाबूत राहतं की नावापुरतं उरतं, हे ठरतं. ग्राहक मात्र रिमोट किती लांबून चालतो एवढंच विचारून पैसे मोजतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कारखान्याच्या चावीच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी किंवा नखाएवढी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. चावी फिरवली की त्यात साधारण १२५ किलोहर्ट्‌झची लहर उठते, त्या लहरीतूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. सुरुवातीच्या चिपा एकच ठरलेला आकडा सांगत. पुढे गाडी दर वेळी नवा प्रश्न विचारू लागली आणि चिप गुप्त सूत्रानं त्याचं उत्तर काढून देऊ लागली. उत्तर जुळलं तरच इंजिनाचा संगणक इंधन आणि ठिणगी सोडतो. काही गाड्यांत न जुळल्यास सेल्फच लागत नाही, तर काहींत इंजिन क्षणभर धडधडून बंद पडतं.

इमोबिलायझरची पहिली पायरी फारच साधी होती. जनरल मोटर्सनं १९८६च्या कॉर्व्हेटमध्ये चावीच्या पात्यावरच एक रेझिस्टर बसवला. त्याची १५ वेगवेगळी मूल्यं होती. गाडीला आपलं मूल्य दिसलं की ती चालू होई. अशा गाडीला रिमोट स्टार्ट बसवणाऱ्याला मीटरनं चावी मोजायची, त्याच मूल्याचा रेझिस्टर आणायचा आणि एका रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून जोडायचा, एवढंच करावं लागे. तो रिले महत्त्वाचा. रिमोटनं इंजिन चालू करतानाच तो जुळला पाहिजे आणि एरवी तुटलेला राहिला पाहिजे. पुढे तंत्र कितीही बदललं, तरी चांगल्या बायपासची कसोटी आजही हीच आहे.

चिपवाल्या चाव्या आल्यावर फिटरांनी जुगाड काढला तो ‘चावी डबीत’ ठेवण्याचा. जादा चावी एका छोट्या डबीत घालून डॅशबोर्डच्या आत खोल बांधायची, डबीतल्या वेटोळ्याची तार इग्निशनच्या वेटोळ्याभोवती गुंडाळायची. रिमोटचं बटण दाबलं की डबीतला रिले जुळतो आणि डबीतल्या चिपचं उत्तर गाडीपर्यंत पोचतं. ही पद्धत स्वस्त आहे, बऱ्याच जुन्या गाड्यांत चालते, आणि रिले नीट बसवला असेल तर बाकीच्या वेळी ती चिप मुकी असते. पण गाडीच्या आत गाडीचीच चावी कायमची राहते. डॅशबोर्ड उचकटायची चोराची तयारी असेल, तर त्याच्या हाताला किल्लीच लागणार. त्याहून वाईट म्हणजे आळशी फिटर रिले टाळून तार कायमची जोडून टाकतो. मग तशाच पात्याची कुठलीही चावी चालते आणि इमोबिलायझर मेल्यात जमा.

दुसरी पद्धत डेटा मॉड्यूलची. मॉन्ट्रियलच्या फोर्टिन आणि आयडेटालिंक या कंपन्यांचा त्यात मोठा वाटा आहे. हे मॉड्यूल गाडीच्या अंतर्गत डेटावाहिनीला, म्हणजे कॅन बसला आणि इमोबिलायझरच्या तारांना जोडतात. मग मूळ चावीनं गाडी चालू करून मॉड्यूलला ती संभाषणं ऐकवतात. काही गाड्यांसाठी मॉड्यूल काढून संगणकाला लावावं लागतं, कंपनीच्या सर्व्हरवरून हिशेब पुरा होतो आणि मग ते पुन्हा गाडीत बसतं. त्यानंतर योग्य वेळी योग्य उत्तर द्यायला ते शिकलेलं असतं. जादा चावी घरातच राहते. माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या मॉडेलसाठी डेटा मॉड्यूल मिळत असेल, तर डबीच्या वाटेला जाऊ नये. थोडे पैसे वाचतात, पण त्या बदल्यात गाडीत जे राहतं त्याची किंमत फार मोठी आहे.

काच फोडून चोर आत शिरला आणि इंजिन रिमोटनं चालूच असेल तर? नीट बसवलेल्या यंत्रणेत ब्रेकचं पेडल दाबताच इंजिन बंद पडतं. चावीच्या गाडीत स्टिअरिंगचं यांत्रिक कुलूपही तसंच राहतं. मालक मात्र आत बसून चावी ‘ऑन’पर्यंत फिरवतो, मग ब्रेक दाबतो, आणि इंजिन न थांबता ताबा रिमोटकडून चावीकडे येतो. बोनेटखाली एक पिन स्विच हवाच. बोनेट उघडं असताना कुणी घरातून बटण दाबलं आणि मेकॅनिकचा हात पट्ट्यात असेल, तर काय होईल हे सांगायला नको.

खरी जोखीम हातानं गिअर टाकायच्या गाडीत. गाडी गिअरमध्ये राहिली आणि रिमोटनं सेल्फ मारला, तर ती पुढे उसळून भिंतीवर किंवा माणसावर जाईल. म्हणून अशा गाडीसाठी एक क्रम ठरलेला असतो. इंजिन चालू असतानाच गिअर न्यूट्रलला आणायचा, हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची, इंजिन चालूच राहतं. मग बाहेर येऊन दार लावायचं आणि त्यानंतर इंजिन थांबतं. गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची यंत्रणेला खात्री पटते ती अशी. नंतर कुणी दार उघडलं की ती परवानगी रद्द. हा क्रम पाळणारी यंत्रणा फिटर देत नसेल, तर अशा गाडीला रिमोट स्टार्ट बसवूच नये.

बंद गॅरेजात रिमोट स्टार्ट कधीच वापरू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि गॅरेज घराला लागून असेल तर तो वायू झोपायच्या खोल्यांपर्यंत शिरतो. इंजिन ठराविक मिनिटांनी आपोआप थांबवणारा टायमर असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. इंजिनासाठी म्हणाल, तर कॅनडाचं नैसर्गिक संसाधन खातं थंडीतही दोन-तीन मिनिटं पुरेशी मानतं. जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवण्यालाच वाहतूक नियमांची मनाई आहे, म्हणून तिथे इंजिन न चालवता गाडी तापवणारे स्वतंत्र हीटर बसवतात.

आपल्याकडे हीच सोय उलट्या कारणानं हवीशी वाटते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की उन्हात तापलेल्या गाडीत बसण्याआधी एसी चालू असावा, असं कुणालाही वाटेल. २०१९पासून ह्युंदाई व्हेन्यूसारख्या काही गाड्यांत ही सोय कारखान्यातूनच, मोबाइलवर येऊ लागली. ती असेल तर बायपासचा प्रश्नच उरत नाही. बाजारातून बसवून घेणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं: गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी डबीत आणि डबी गाडीसोबत गेलेली, अशा वेळी दावा निस्तरताना नाकी नऊ येतात. वायरिंग कापल्याचं दिसलं की वॉरंटीवरही वाद होतो. वायर न कापता मूळ कनेक्टरांच्या मध्ये बसणारा तयार हार्नेस मिळत असेल तर तोच मागावा. इग्निशनच्या जाड तारांतून मोठा प्रवाह जातो, तिथे नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड तापतो.

गाडी ताब्यात घेण्याआधी फिटरसमोर दहा मिनिटं घालवा. रिमोटनं इंजिन चालू करा आणि चावीशिवाय ब्रेक दाबा. ते थांबलं पाहिजे. पुन्हा चालू करून बोनेट उघडा. तेव्हाही थांबलं पाहिजे. मग चावीवाल्याकडून चिप नसलेली, नुसत्या पात्याची चावी कापून घ्या आणि तिनं सेल्फ मारून पाहा. बटण दाबून चालू होणारी गाडी असेल तर दोन्ही फोब, म्हणजे खिशात ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक चाव्या, दूर ठेवून बटण दाबा. इंजिन चालू राहिलं, तर बायपास कायमचा जोडलेला आहे. तो रिलेवर आणून दाखवल्याशिवाय पैसे चुकते करू नका.